घरच्या दुरुस्तीपुरतें चामड्याचें काम : आरंभीचीं हत्यारें

बागाइती जेव्हां चामड्याच्या मोटेवर चालत होती, तेव्हां ढोर व चर्मकार यांच्यावांचून मळा भिजत नसे. बलुतें गेलें, मोटही गेली. तथापि ज्यांच्या गोठ्यांत अद्याप बैलजोडी आहे त्यांस जुपण्या, पट्टे, आसूड व घुंगुरमाळा लागतातच. आणि उतारावर भरल्या गाडीची जुपणी तुटली म्हणजे काय प्रसंग ओढवतो हें वाचकांस सांगावयास नको. ऐन पेरणींत दुरुस्तीसाठीं आठवडे बाजाराची वाट पाहावी लागूं नये, इतकें काम शेतकऱ्यास आलें पाहिजे. कुणब्यानें रांपी धरावी काय, असें विचारणारे अजून भेटतात! ज्या कसबावर आपल्या पूर्वजांचे मळे पिकले तें हलकें म्हणण्यास आपणांस तोंड नाहीं, एवढेंच त्यांस आमचें उत्तर. गांवांत जाणता कारागीर असल्यास योग्य मजुरी देऊन चार दिवस त्याजजवळ बसावें.

आरंभीं फार हत्यारें घेऊं नयेत. रांपी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, एक गोल पंच, लाकडी मोगरी, लोखंडी पट्टी व कंपास एवढ्यावर वर्ष निघतें. पेटींत मिळणाऱ्या स्वस्त संचांतील पुष्कळ हत्यारांस धारच टिकत नाहीं. त्या पैशांत एक चांगली रांपी घ्यावी. रांपी निसण्यावर लावून झाल्यावर फळीस चिकटविलेल्या चामड्याच्या पट्टीवर दहा-वीस वेळां उलट ओढावी. बोथट रांपीस जोर लागतो, जोर लावला कीं ती सटकते, व मग बोट कापतें. दुसरा हात पात्याच्या वाटेंत कधींही ठेवूं नये. जाड चामडें एका दमांत न कापतां दोन-तीन वेळां हलकें पातें फिरवावें. खालीं लाकूड अथवा जाड रबर असावें; फरशीवर कापल्यास धार त्याच क्षणीं जाते.

पट्ट्यांस वनस्पतींच्या सालींनीं, म्हणजे बाभूळ, हिरडा इत्यादिकांनीं कमावलेलें चामडें घ्यावें. त्याची कापलेली कड आंतपर्यंत तपकिरी असते व पाणी लावतांच गडद होते. क्रोमनें कमावलेल्याच्या कडेंत बहुधा निळसर करडी छटा दिसते. तें मऊ खरें, पण ओढीखालीं अधिक ताणतें. पट्टा पाठीच्या भागांतून, कण्याच्या दिशेनें लांब कापावा. पोटाचें चामडें स्वस्त मिळतें, परंतु तें सैल असतें व जुपणीस उपयोगी नाहीं.

शिवण हाच या कामाचा प्राण होय. कडेपासून सुमारें ४ मिलिमीटर आंत कंपासनें रेघ ओढून दर ५ मिलिमीटरांवर खूण करावी व आरी सरळ धरून भोंकें पाडावीं. दोरा शिवणीच्या चौपट लांब घेऊन त्यास मेण लावावें, व दोन्हीं टोकांस एकेक सुई ओंवावी. प्रत्येक भोंकांतून एक सुई इकडून व दुसरी तिकडून काढून दोन्हीं हातांनीं सारखें ओढावें. यंत्राच्या शिवणींत एक टांका तुटला कीं शेजारचे सैल होतात. या शिवणींत दुसरा धागा शेजाऱ्यांस धरून राहतो. शेवटीं दोन-तीन टांके मागें घालावे. गांठ मात्र बैलाच्या अंगाकडील बाजूस येऊं देऊं नये. तेवढ्याशा गांठीनें कातडी सोलून जखम होते.

आम्हीं पहिली जुपणी घाईनें लोखंडी खिळे ठोकून केली होती. दुसऱ्या पावसाळ्यांत खिळ्यांभोंवतीं काळे डाग पडले, चामडें ठिसूळ झालें आणि ती बांधावरच तुटली. गाडी रिकामी होती म्हणून निभावलें. सालीच्या कमावणींतील द्रव्याशीं लोखंडाचा संयोग होऊन असें होतें. म्हणून रिबिटा तांब्याच्या किंवा पितळेच्या वापराव्या. पट्ट्यास चीर न पाडतां पंचानें गोल भोंक पाडावें, कारण चिरेचें टोंक फाटत जातें.

भिजलेला पट्टा उन्हांत वा चुलीजवळ न ठेवतां सावलींत वाळवावा आणि किंचित् ओलसर असतांनाच एरंडेलाचा पातळ हात द्यावा. तेल फार झाल्यास चामडें लिबलिबीत होतें. पावसाळ्यांत प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून ठेवूं नये, बुरशी येते. नवी जुपणी प्रथम रिकाम्या गाडीस लावून पाहावी, आणि टांके व भोंकें तपासल्यावरच भार घालावा.