जाम इंजिनाला धक्का देऊ नकोस

कोल्हापूर

चि. निखिल,


तुझा व्हिडिओ पाहिला. तू आणि तुझा मित्र दोघे पान्याला लोंबकळताय आणि पद्मिनी गाडीचा क्रँक जागचा हलत नाही. चेन्नईजवळच्या सिरुसेरी आयटी पार्कात दिवसभर कीबोर्ड बडवून रात्री इंजिन बांधणारा भाचा मिळाला, याचं मला कौतुकच आहे. पण ‘गाडी ओढली की आपोआप मोकळं होईल’ हा शेजाऱ्यांचा सल्ला कानाआड कर. त्यात बेअरिंग घासून निघेल, क्रँकवर ओरखडे येतील आणि ग्राइंडिंगचा खर्च पुन्हा बोकांडी बसेल.

आधी चारही प्लग काढ, गाडी न्यूट्रलला घे आणि हाताने फिरवून बघ. सिलिंडरमध्ये तेल साचलं असेल तर तेही बाहेर पडेल. पूर्ण फेऱ्यात सारखंच जड लागलं तर रिंगांवर नाहीतर बेअरिंगवर संशय घे. नव्या रिंगा थोड्या जड जातातच, पण दोघांनी लोंबकळावं इतक्या नाही. एकाच जागी टक्कन अडलं तर टायमिंग तपास; व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत असेल आणि तू जोर केलास, तर तो वाकलाच म्हणून समज.

तरी सुटलं नाही तर हेड आणि ऑइल चेंबर उतरव. एकेका रॉडची कॅप सोडायची, पिस्टन वर सारायचा, क्रँक फिरवून बघायचा. ज्या रॉडला मोकळं होईल तिथेच दुखणं. चारही सोडूनही जड राहिलं तर मेन बेअरिंग. मेनच्या कॅप ब्लॉकला बसवूनच बोअर केलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाली किंवा एखादी उलटी बसली की क्रँक आवळला जातो. म्हणूनच पुदुपेटच्या जुन्या पार्टच्या बाजारात दुसरी कॅप शोधत फिरू नकोस, ती बसायची नाही. बेअरिंगच्या शेलची पाठही बघ: दहा थाऊ ग्राइंड केलेल्या क्रँकला वीसचं बेअरिंग घातलंस तर तो फिरणार कसा? मला तरी इथेच घोळ दिसतो.

पिस्टन काढलेच तर रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने मोज. ६८ मिमीच्या बोअरला साधारण पाव मिलिमीटर हवी. आणि उघड्या बोअरला तेल लाव. तिकडच्या खाऱ्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही.

कॅपवरचे नंबर, शेलच्या पाठीवरचे आकडे आणि रिंगची फट लिहून पाठव. तोवर स्टार्टरला हात लावू नकोस.

तुझा,
मामा