खुणा मोडू नका

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात गुरुजी होते. स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यावरही त्यांचा सकाळचा फेरा चुकला नाही. कडुलिंबाच्या पारापर्यंत जायचं, घटकाभर टेकायचं आणि माघारी वळायचं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण पाराची वाट पायांना पाठ होती.

मग रस्ता रुंद झाला. लिंब गेला, पार गेला आणि आबा वळलेच नाहीत. दुपारी ते हमरस्त्यावरच्या एका रसवंतीवर सापडले. "लिंब आलाच नाही अजून," असं रसवाल्याला सांगत होते.

आमच्या जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांसाठी देऊळच फिरलं, ही कथा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. नंदी जागेवर राहिला म्हणून देऊळ फिरल्याचं कळतं. आबांचं सगळं गावच फिरलं होतं आणि त्यांचा नंदी कुणी उचलून नेला होता.

म्हणून पहिली गोष्ट: जुन्या खुणा राखा. ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा रुग्णांसोबत चालून पाहिलं आणि २००४ मध्ये रस्ते-चौकांसाठी सूचना मांडल्या. त्यांचंही सांगणं तेच की ओळखीच्या खुणांवर ही माणसं वाट काढतात. झाड, हापसा, वेशीची कमान यांतलं एक तरी जागेवर राहू द्या.

दुसरी, फरशी. बागेच्या दारातल्या काळ्या, चकचकीत पट्ट्याशी आबा धोतराचा सोगा वर धरून उभे राहत. "पोरी, पाणी हाय इथं." या आजारात चकाकी ओल वाटते, गडद पट्टा खड्डा वाटतो. फरशी एकरंगी, खरबरीत हवी. पायरीची कड मात्र वेगळ्या रंगाने रंगवा.

तिसरी, बाक. नुसता सिमेंटचा ओटा काय कामाचा? पाठ टेकायला आणि उठताना धरायला आधार हवा, वर सावली हवी. मुतारीच्या पाटीवर अक्षरांसोबत ठळक चित्र काढा.

चौथी, माणसं. देशात साठी ओलांडलेल्या शंभरांत सात जणांना हा आजार असल्याचा अंदाज आहे, तेव्हा लपवण्यासारखं काही नाही. चहावाला, ऑटोवाला, किराणावाला यांना सांगून ठेवा. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. कुणी भांबावलेलं दिसलं तर प्रश्नांची सरबत्ती करू नका. "चला, चहा घेऊ" म्हणून बसवा आणि ११२ ला फोन लावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत रस्त्याचा, बागेचा आराखडा आला की गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या जागेवरून आधी चालवून बघा. काम झाल्यावर फरशी उखडण्यापेक्षा हा एक फेरा केव्हाही स्वस्त.