व्यापारी संघाची निवडणूक : आधी यादी, मग उमेदवार

प्रश्न : एका तालुक्याच्या बाजारपेठेतील दुकानदार विचारतात, व्यापारी संघाची कार्यकारिणी सभेत हात वर करून निवडली तर चालते का?

उत्तर : संघाच्या घटनेत तशी तरतूद असेल तर चालते. गुप्त मतदान लिहिलेले असेल, तर मात्र सभेतल्या टाळ्या कामाच्या नाहीत.

खरे भांडण पेटते ते मतदार यादीवरून. वर्षभर वर्गणी न दिलेले दुकानदार आदल्या दिवशी पैसे भरून रांगेत उभे राहतात, एकाच पेढीतले दोघे भाऊ वेगवेगळे मत मागतात. म्हणून पावती क्रमांकासह यादी आधी फलकावर लावावी, हरकती लेखी घ्याव्यात. निवडणूक अधिकारी उमेदवारांचा नातलग नसावा; गावातला निवृत्त मुख्याध्यापक किंवा वकील उत्तम. नोटीस घटनेत सांगितलेल्या पद्धतीनेच द्यावी आणि सहीची पोच जपून ठेवावी.

संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार कार्यकारिणी बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक संघ नेमके हेच विसरतात आणि पुढे बँकेत सह्या बदलताना अडतात. अर्जासोबत नोटीस, इतिवृत्त आणि नव्या सदस्यांची संमतीपत्रे जोडावीत. काही जुन्या संघांची नोंदणी १९२६ च्या, आता रद्द झालेल्या, ट्रेड युनियन कायद्याखाली झालेली असते. त्यांनी बदल संबंधित निबंधकांना कळवायचा असतो.