घटक ४ : सुख, आनंद, समाधान – समानार्थी शब्दांचा प्रश्न



मागील घटकात आपण 'अर्थक्षेत्र' ही संकल्पना पाहिली. एकाच अनुभवाच्या परिसरात वावरणारे शब्द परस्परांच्या सीमा कशा ठरवतात, हे नातेवाचक शब्दांच्या आधारे समजून घेतले. प्रस्तुत घटकासाठी मुद्दाम अवघड क्षेत्र निवडले आहे. 'सुख म्हणजे काय आणि ते माणसाला कसे मिळते?' हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, भाषाविज्ञानाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. ते मान्यच आहे. परंतु हा प्रश्न विचारताना आपण 'सुख' हा शब्द निवडला, 'आनंद' किंवा 'समाधान' नाही. आणि 'मिळते' हे क्रियापद वापरले. उत्तराचा काही भाग प्रश्नातच ठरून गेला. तेवढ्या भागाचा अभ्यास आपल्याला निश्चित करता येतो.

४.१ आदलाबदलीची कसोटी

परीक्षेच्या मार्गदर्शकांत हे तिन्ही शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत दिलेले असतात. गुण मिळवण्यापुरते ते ठीक. आता 'खाऊनपिऊन सुखी कुटुंब' या प्रयोगात 'सुखी'च्या जागी 'आनंदी' घालून पाहा. पहिल्या प्रयोगात घरची आर्थिक स्थिती सांगितली आहे. दुसऱ्यात कोणीतरी नुकतेच पंगतीतून उठले आहे. तसेच 'घराचा आनंद' आणि 'घराचे सुख'. किल्ली हाती पडते त्या दिवशी होतो तो घराचा आनंद. घराचे सुख कळायला दोनचार पावसाळे तरी त्या छपराखाली काढावे लागतात.

शब्दांचा हा गुंता सर्वेक्षण करणाऱ्यांनाही जाणवलेला दिसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांच्या १९६५ च्या ग्रंथात एका शिडीची कल्पना आहे : सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले उत्तम आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे वाईट, तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? २०१२ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'मधील देशांची क्रमवारी याच प्रश्नावर आधारलेली आहे. गंमत अशी की, या प्रश्नात 'सुख' किंवा 'आनंद' अशा अर्थाचा शब्दच नाही! आपल्याकडे मात्र त्या अहवालाला बऱ्याचदा 'आनंद अहवाल' म्हटले जाते. प्रश्न साऱ्या आयुष्याविषयी असल्यामुळे 'सुख' हा शब्द त्याला अधिक जवळचा ठरला असता, असे माझे मत आहे.

४.२ व्युत्पत्ती

'सुख' या शब्दाची एक पारंपरिक व्युत्पत्ती 'सु' + 'ख' अशी दिली जाते. 'ख' म्हणजे चाकाचे ते छिद्र, ज्यातून आस जातो. ऋग्वेदात 'सुख' हे रथाचे विशेषण म्हणून येते : सुरळीत चालणारा, धक्के न देणारा. 'आनंद' हा 'नन्द्' या धातूपासून आला. 'समाधान'मध्ये 'धा' म्हणजे ठेवणे हा धातू आहे. विस्कटलेले नीट एकत्र ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. हिंदीत 'समाधान' म्हणजे समस्येची उकल. मराठीत तो अर्थ 'शंकासमाधान' या सामासिक शब्दात टिकून आहे. ('मजा' फारसीतून आला, तेथे त्याचा अर्थ चव; 'मौज' अरबीतून, तेथे अर्थ लाट. या दोन शब्दांवर वेगळा घटक लिहावा असे फार दिवस मनात आहे.)

व्युत्पत्ती मनोरंजक असते, पण तिच्यावरून आजचा अर्थ सिद्ध होत नाही. त्यासाठी वापर पाहावा लागतो.

४.३ क्रियापदांची सोबत

'आनंद' प्रामुख्याने होतो किंवा वाटतो. 'तिला आनंद झाला' या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत आहे. ती काही करत नाही, तिच्या बाबतीत काही घडते. त्या घडण्याला वेळ असते, म्हणून 'निकाल लागला तेव्हा तिला आनंद झाला' हे सहज वाटते.

'सुख' मिळते, लाभते, नशिबी असते. आणि ते भोगले जाते. हे शेवटचे क्रियापद लक्षपूर्वक पाहावे. 'भोगणे' सुखासाठी वापरतात, दुःखासाठी वापरतात आणि शिक्षेसाठीही वापरतात. तिन्ही ठिकाणी काळ दीर्घ आहे आणि जे वाट्याला आले त्याला सामोरे जाणे आहे. 'आनंद भोगला' हे कानाला खटकते, त्याचे कारण हेच.

'समाधान' होते, वाटते, मिळते. पण त्याला आणखी एक क्रियापद जोडले जाते, ते म्हणजे 'मानणे'. 'तिने समाधान मानले.' येथे 'तिला' जाऊन 'तिने' आले. व्यक्ती आता कर्ता आहे. कर्ता असल्यामुळे या क्रियापदाची आज्ञार्थी रूपेही होतात. 'आनंद हो' अशी आज्ञा मराठीत करता येत नाही. 'आनंदी राहा' हा आशीर्वाद झाला. 'समाधान मान' ही मात्र सरळ आज्ञा आहे, आणि ती आपल्या समाजात सर्वांना सारख्या प्रमाणात केली जात नाही.

काही वर्षांपूर्वी संपर्क सत्रात हा भाग शिकवत असताना मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उठून उभ्या राहिल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे. शाळा सातवीत सुटलेली. मुलगा नोकरीला लागल्यावर पुन्हा अभ्यासाकडे वळलेल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला घरी सगळे म्हणायचे, आहे त्यात समाधान मानून घे. मी मानून घेतलं. पण समाधान झालं नव्हतं." व्याख्यानाची टिपणे मी त्या दिवशी मिटवून ठेवली. 'मानणे' आणि 'होणे' यांतील भेद मी फळ्यावर दोन रकाने आखून दाखवत होते; त्यांनी तो पंचवीसतीस वर्षे जगून ओळखला होता.

त्यांच्या वाक्यातील 'घे' हेही पाहण्यासारखे आहे. संयुक्त क्रियापदात 'घेणे' हे सामान्यतः क्रियेचे फळ कर्त्याकडे येते असे सुचवते : 'जेवून घे', 'शिकून घे'. 'मानून घे' म्हणताना फळ नेमके कोणाच्या पदरात पडते?

येथे एक सावधगिरी. 'मानणे' म्हणजे नेहमी दडपलेली इच्छाच, असा निष्कर्ष काढू नये. 'हार मानणे'प्रमाणे 'धन्यता मानणे' आणि 'आभार मानणे' हेही प्रयोग आहेत. स्वतःहून मानलेले समाधान कित्येकांचे आयुष्य खरोखर सावरते; माझ्या आईचे सावरले, हे मी जवळून पाहिले आहे. आज्ञा म्हणून आलेले आणि निर्णय म्हणून आलेले समाधान व्याकरणात एकाच रूपात दिसते. भेद ओळखायचा तर वाक्याबाहेर पाहावे लागते : वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता.

स्वाध्याय

पुढील आठवडाभरात घरी, कामाच्या ठिकाणी किंवा प्रवासात ऐकू येणारी, 'मानणे' व 'मानून घेणे' यांचा वापर असलेली दहा वाक्ये बोलीतील रूपांसह जशीच्या तशी टिपून ठेवा. प्रत्येक वाक्य कोणी कोणाला उद्देशून उच्चारले आणि ऐकणाऱ्याने काय उत्तर दिले, याचीही नोंद करा. उत्तर दिले नसेल, तर तसे लिहा.