चरित्रनोंदीतील मतभेद आणि त्यांचे निराकरण

कोश हे समाजाच्या स्मरणशक्तीचे भांडार होय. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे सुरू झालेला मराठी विश्वकोश अशी कोशनिर्मितीची मोठी परंपरा महाराष्ट्रास लाभली आहे. या कोशांत नोंद जाणकाराने लिहावी आणि वादाच्या बाबीचा निर्णय संपादकाने करावा, अशी व्यवस्था होती. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत वेगळी आहे. संगणकाच्या महाजालावरील या कोशात कोणीही वाचक भर घालू शकतो व कोणीही ती दुरुस्त करू शकतो. अंतिम निर्णय देणारे संपादक मंडळ येथे नाही. साहजिकच, एकाच व्यक्तीच्या दोन जन्मतारखा दोघांनी लिहिल्या तर खरी कोणती मानावी, असा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न शहरातील अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. शहापूर तालुक्यातील तानसा जलाशयाचा परिसर व शेजारचा मुरबाड तालुका येथील कर्तबगार माणसांची छापील चरित्रे थोडी आहेत. विद्यार्थी प्रकल्पासाठी, ग्रामपंचायत स्मृतिफलकासाठी आणि कार्यालये जयंतीच्या कार्यक्रमासाठी आता याच कोशाकडे वळतात. चुकीची तारीख एकदा दगडावर कोरली गेली की पुढे तोच दगड पुरावा म्हणून दाखविला जातो.

मतभेद कशामुळे होतात?

पहिले कारण नोंदींच्या अभावाचे. ग्रामीण व आदिवासी भागातील जुन्या पिढीत जन्म ऋतूवरून, सणावरून किंवा एखाद्या मोठ्या पावसावरून सांगितला जाई. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वय ठरवीत. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने असंख्य दाखल्यांवर १ जून हीच जन्मतारीख आढळते. अशी तारीख सेवापुस्तकासाठी प्रमाण असली, तरी चरित्रकाराने ती पारखूनच घ्यावी लागते.

दुसरे कारण कालगणनेचे. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो, हा नियम वर्षभर लागू पडत नाही. १ जानेवारीस इसवी सन बदलतो, परंतु शक फाल्गुनअखेरपर्यंत तोच राहतो. म्हणून माघ-फाल्गुनातील घटनांसाठी ७९ मिळवावे लागतात. पौषातील तिथीसाठी त्या वर्षाचे पंचांग पाहावे. हा एक आकडा चुकला तर चरित्रातील पुढील सर्व वयोमान चुकते.

तिसरे कारण सीमाबदलाचे. जव्हारचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार पालघर जिल्ह्यात आहे. १९३० साली जव्हारास जन्मलेल्या व्यक्तीचे जन्मस्थान एकजण संस्थान, दुसरा ठाणे व तिसरा पालघर असे लिहितो. येथे खोटे कोणीच बोलत नाही. ‘तत्कालीन जव्हार संस्थान, सध्याचा पालघर जिल्हा’ एवढे लिहिले की वाद मिटतो.

शिवजन्मतिथीचा धडा

चरित्रविषयक मतभेद कसा सोडवावा, याचा वस्तुपाठ महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला, असे उत्तरकालीन बखरींच्या आधारे दीर्घकाळ मानले जात होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली अभ्यासकांपुढे आणली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. पुढे महाराजांच्या काळातीलच कवींद्र परमानंद यांच्या शिवभारत या संस्कृत काव्याने आणि जोधपूर येथे मिळालेल्या जन्मकुंडलीने तिला दुजोरा दिला. १९६६ मध्ये शासनाने इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली आणि २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासकीय जयंतीसाठी निश्चित केली.

या प्रकरणातून दोन तत्त्वे हाती येतात. घटनेच्या जवळच्या काळातील साधन दूरच्या काळातील साधनापेक्षा अधिक विश्वसनीय होय. तसेच, परस्परांशी संबंध नसलेली तीन साधने एकच गोष्ट सांगत असतील तर तिचे वजन मोठे. मात्र एकमेकांवरून उतरलेली दहा पुस्तके मिळून साक्षीदार एकच. महाजालावर एकच मजकूर शंभर ठिकाणी दिसतो. त्यामुळे हे दुसरे तत्त्व आज विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

खुल्या कोशातील कार्यपद्धती

विकिपीडियावरील प्रत्येक लेखास ‘इतिहास’ व ‘चर्चा’ अशी दोन पाने जोडलेली असतात. कोणता बदल केव्हा व कोणत्या खात्यावरून झाला, हे पहिल्या पानावर कायम राहते; जुना मजकूर पुन्हा आणता येतो. मतभेद झाल्यास परस्परांचा मजकूर पुसत न बसता दुसऱ्या पानावर पुरावे मांडावेत, अशी अपेक्षा असते. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचा बदल उलटविणाऱ्यास रोखता येते. निर्णय मतांच्या संख्येवर होत नाही. प्रसिद्ध व तपासता येण्याजोग्या संदर्भांवर होतो. दोन्ही बाजूंना सबळ आधार असल्यास दोन्ही तारखा संदर्भांसह दिल्या जातात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘विकिडेटा’ या जोडप्रकल्पात तर एकाच व्यक्तीच्या दोन जन्मतारखा आधारांसह नोंदवून अधिक विश्वसनीय तारखेस अग्रक्रम देण्याची सोय आहे.

हयात व्यक्तींबाबत नियम अधिक कडक आहेत. २००५ मध्ये जॉन सिगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखात कोणीतरी त्यांचा संबंध केनेडी हत्येशी जोडला आणि तो निराधार मजकूर काही महिने तसाच राहिला. या प्रकारानंतर हयात व्यक्तींविषयीचा संदर्भहीन वादग्रस्त मजकूर तात्काळ काढून टाकण्याचे धोरण दृढ झाले. जन्मदाखल्यासारखी खासगी कागदपत्रेही अशा लेखात आधार म्हणून वापरू नयेत, असा संकेत आहे.

सिद्धगडाचे उदाहरण

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना हौतात्म्य प्राप्त झाले. मुंबईचा वीजपुरवठा तोडण्यासाठी विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे हे वीर होत. भाईंचे पूर्ण नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान. माथेरान तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे जन्म कुलाबा जिल्ह्यातील की रायगड जिल्ह्यातील, हा वाद मुळात वादच नाही. तसेच रायगड व ठाणे या दोन्ही जिल्ह्यांनी त्यांना आपले म्हणण्यातही विसंगती नाही. जन्मस्थान, कार्यक्षेत्र व हौतात्म्यस्थान या तीन बाबी स्वतंत्रपणे नोंदविल्या की पुरे.

भाईंविषयी लिहिलेले मिळते. त्यांच्यासारख्यांना भाकरी, निरोप व आसरा देणाऱ्या गावकऱ्यांविषयी मात्र फार थोडे. खरे काम येथे आहे.

स्थानिक पातळीवर काय करता येईल?

प्रथम साधने गोळा करावीत. ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखला जाणारा जुना गाव नमुना क्रमांक १४, शाळेचे जनरल रजिस्टर, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, शासनाच्या दर्शनिका विभागाने प्रसिद्ध केलेला स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोश आणि तत्कालीन वृत्तपत्रे ही त्यांतील प्रमुख होत. कोतवाल बुकात बालकाचे नाव नसून वडिलांचेच नाव असण्याची शक्यता असते. म्हणून भावंडांच्या नोंदींशी मेळ घातल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. जुन्या मोडी नोंदी जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. वृद्धांच्या आठवणी सांगणाऱ्याचे नाव, वय व दिनांक घालून लिहून ठेवाव्यात.

त्यानंतर ही माहिती शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेत आधार देऊन छापावी आणि एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी. अप्रकाशित संशोधन खुल्या कोशात थेट घालता येत नाही. छापील साधनाचा दाखला मात्र देता येतो. स्मृतिफलक उभारताना कोशातील तारीख जशीच्या तशी न उतरविता तिच्याखालचा मूळ संदर्भ पाहावा. संदर्भ नसल्यास तारीख कोरण्याची घाई करू नये.

शिक्षकांनी एखादा चरित्रलेख घेऊन त्याचे ‘इतिहास’ व ‘चर्चा’ पान वर्गात वाचून दाखविले, तर पुरावा म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरही समजेल. ज्या गावकऱ्यांनी आपले नाव कोठे लिहावे असे कधी म्हटले नाही, त्यांची नोंद अचूक ठेवणे हे पुढच्या पिढीचे कर्तव्य आहे. ते पार पाडण्यास लागणारी दप्तरे गावातच आहेत. ती वेळीच उघडली गेली पाहिजेत.