दूर बसून सांधा फिरविणे

लोंढ्याच्या स्थानकावरून गाडी गोव्याच्या बाजूस वळते ती सांध्यामुळे, हे आपण जाणताच. रुळांच्या ह्या सांध्यास अमेरिकेत स्विच म्हणतात. पूर्वी सांधेवाला रुळांपाशी उभा राहून तो हाताने फिरवी. पुढे केबिनमधील दांडे आले, आणि आज दूरच्या खोलीतील कळ दाबली तरी सांधा फिरतो.

संगणकांच्या जगातही असेच सांधे आहेत. बँका, विद्यापीठे, मोठी रुग्णालये आपली माहिती प्रत्येक संगणकाच्या पोटात न ठेवता एका सामाईक कोठारात ठेवतात. हे कोठार आणि त्याचा उपयोग करणारे सर्व्हर यांना काचतंतूंनी जोडणारे जे जाळे, त्यास स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. त्यातील फायबर चॅनल ही पद्धती १९९४ साली अमेरिकेत मानक म्हणून मान्य झाली. जाळ्याच्या मध्यभागी बसतो तो स्विच. कोणत्या सर्व्हरने कोठाराच्या कोणत्या दाराशी बोलावे, हे त्यातील झोन नावाच्या याद्या ठरवितात. यादीतील एक नाव चुकून गळले, की त्या सर्व्हरपुरते कोठार नाहीसे झाले! शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी पाहावयाचे चित्र मग पडद्यावर येत नाही.

असा स्विच बहुधा कुलूपबंद, थंड खोलीत असतो आणि त्याची देखभाल करणारा मनुष्य दुसऱ्या गावी. त्याने स्विचपर्यंत पोहोचावे कसे?

सर्वांत जुनी वाट कन्सोलची. स्विचच्या अंगावरील एका छिद्रात तार घालून ती संगणकास जोडावयाची. बहुधा सेकंदास ९६०० बिटांच्या संथ गतीने अक्षरे येजा करतात. ही वाट जाळ्यावर मुळीच अवलंबून नसते. म्हणून तिची गती पाहून तिला हसू नये. ह्या तारेचे दुसरे टोक टर्मिनल सर्व्हर नावाच्या उपकरणास लावले, तर तीही दुरून वापरता येते.

दुसरी वाट इथरनेटची. माहिती वाहणाऱ्या काचतंतूंच्या दारांहून निराळे असे एक दार केवळ व्यवस्थापनासाठी दिलेले असते. ब्रोकेडच्या अनेक स्विचांना कारखान्यातूनच १०.७७.७७.७७ हा पत्ता मिळे. तो बदलून आपला द्यावयाचा. ह्या दाराने आज्ञा लिहून पाठविता येतात, किंवा ब्राउझरमध्ये स्विचचे चित्र पाहून काम करता येते. आज्ञा पाठविण्याची टेलनेट ही रीत १९६९ पासूनची. तिच्यात परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावर लिहावा तसा तारेवरून जातो. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असेच परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही गुप्तलेखनाची रीत रचली. ती उपलब्ध असता टेलनेट चालू ठेवणे आम्हांस अक्षम्य वाटते.

एसएनएमपी ही १९८८ सालची रीत मुख्यत्वे पहाऱ्याची आहे. पंखा थांबला, दार बंद पडले, की स्विच आपण होऊन वर्दी देतो. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ओळखीचा शब्द उघडाच जाई आणि पुष्कळ ठिकाणी तो 'पब्लिक' असाच राही. तिसऱ्या आवृत्तीत गुप्ततेची सोय झाली.

तिसरी वाट मोहाची आहे. व्यवस्थापनाच्या आज्ञाही त्याच काचतंतूंवरून, माहितीच्या सोबतीने पाठवावयाच्या. निराळी तार नको, खर्च नको. परंतु ज्या दिवशी जाळे बिघडेल, त्याच दिवशी ते दुरुस्त करण्याची वाटही बुडेल. रूळ उखडल्याची बातमी त्याच रुळांवरून गाडीने पाठवावयाची, असा हा प्रकार! जोडीला दुसरी वाट म्हणून ती असावी, एकमेव म्हणून नव्हे.

दुरून काम करणारास आणखी एक भय असते. ज्या फांदीवर बसलो तीच तोडण्याचे! इथरनेटच्या वाटेने आत शिरून स्विचचा पत्ताच चुकीचा दिला, की आज्ञा पाठविणाराच बाहेर फेकला जातो. मग कन्सोलवाचून गती नाही. झोनच्या बाबतीत शहाणे लोक निराळा उपाय करतात. ते एकमेकांपासून संपूर्ण अलग अशी दोन जाळी उभारतात आणि प्रत्येक सर्व्हर दोहोंस जोडतात. बदल प्रथम एकाच जाळ्यात करावयाचा, सर्व्हरांना कोठार दोन्ही वाटांनी दिसते आहे याची खात्री करावयाची, आणि मगच दुसऱ्यास हात लावावयाचा. दोन्ही जाळ्यांत एकाच दमात बदल करणाराने दुसरे जाळे उभारण्याचा खर्च फुकट घालविला असे समजावे.

निराळी वाट नुसती असून भागत नाही, ती खरोखर निराळी आहे की नाही हे पाहावे लागते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडली. तेथे प्रश्न साठवणीच्या स्विचांचा नव्हता, दूरदूरच्या केंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याचा होता. तपासणीसाठी दिलेल्या एका आज्ञेने ते सारे जाळे तुटले, आणि संकटकाळासाठी राखलेली स्वतंत्र वाटही त्या वेळी चालेना. अखेर माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. कडक बंदोबस्तामुळे आत शिरण्यातच वेळ गेला.

स्विच पुरता गोठला तर कन्सोलही मुका होतो; त्यासाठी दुरून चालू-बंद करता येणारी वीजपट्टी लावतात. एवढ्यानेही न भागले तर कोणीतरी खोलीत जावयाचेच. कन्सोलच्या तारेचे एक टोक पुष्कळदा नऊ टाचण्यांचे असते आणि आजच्या लॅपटॉपला तसे छिद्र नसते. तेव्हा ती तार आणि तिला यूएसबीशी जोडणारा तुकडा, दोन्ही त्याच खोलीत कपाटाच्या दारास बांधून ठेवावीत.