सापडलेले आपले नव्हे

शास्त्रपाठ : अनुवाद २२:१-४; निर्गम २३:४-५; लेवीय ६:१-५; लूक १५:८-१०



समजा, आपण नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून बंगळूरला आला आहात. मल्लेश्वरमच्या एका गल्लीत भाड्याचे घर आहे. दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेले एक लहानसे कुत्रे आपल्या फाटकाशी येऊन थरथरत बसले. गळ्यात पट्टा आहे, पण त्यावर नाव नाही की पत्ता नाही. आपण त्याला घरात घेता, खाऊ घालता, मुले त्याचे नाव ठेवतात. "कोणी विचारायला आले तर देऊन टाकू," असे आपण घरच्यांना सांगता. कोणीच येत नाही. पंधरा दिवसांत ते घरचेच होऊन जाते.

मग एके दिवशी कन्नड वाचू शकणारी शेजारीण कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवते. तेथे दोन आठवड्यांपासून एक कागद चिकटवलेला आहे. छायाचित्र पावसाने पुसट झाले आहे. वर कन्नडमध्ये एकच मोठा शब्द आहे : 'काणेयागिदे', म्हणजे दिसेनासे झाले आहे, हरवले आहे. त्या कागदासमोरून आपण रोज दोन वेळा गेलात.

आपण चोरी केली काय? नाही. आपण तर दया केली. मग आपण निर्दोष आहात काय? हाच आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

१. पाहून न पाहिल्यासारखे करणे

मोशेच्या नियमशास्त्रात मोठमोठ्या आज्ञांच्या जोडीला एक अगदी साधी गोष्ट सांगितली आहे. आपल्या भाऊबंदाचा बैल किंवा मेंढरू भटकताना दिसले तर ते त्याच्याकडे परत पोहोचवावे. गाढव असो, वस्त्र असो, हरवलेल्या प्रत्येक वस्तूविषयी तसेच करावे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या चार वचनांत एकच मनाई तीन वेळा आली आहे. मूळ इब्री शब्दाचा अर्थ 'स्वतःला लपवणे' असा आहे. हरवलेल्या वस्तूपासून आपण लपू नये, तिला पाहून न पाहिल्यासारखे करू नये.

शास्त्राने चोरीचा निषेध अन्यत्र केलाच आहे. येथे बोट ठेवले आहे ते डोळेझाकीवर. खांबावरच्या कागदाची लिपी आपल्याला येत नव्हती, हे खरे. परंतु त्यावर कुत्र्याचे चित्र होते. "यात काय लिहिले आहे?" एवढे विचारणे अवघड नव्हते. विचारले असते तर ते परत द्यावे लागले असते, म्हणून तर आपण विचारले नाही ना? प्रत्येकाने आपले मन तपासून पाहावे.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात हीच आज्ञा आणखी पुढे जाते. तेथे बैल भावाचा नसून वैऱ्याचा आहे, तरीही तो परत नेऊन द्यावयाचा आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यामध्ये भाषेवरून कटुता उत्पन्न झाल्याचे आपण वर्तमानपत्रांत अनेकदा वाचतो. बंगळूरमध्ये हरवलेल्या वस्तूचा धनी कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू यांपैकी कोणतीही भाषा बोलणारा असू शकेल. वस्तू कोणत्या भाषेच्या घरातून आली हा प्रश्न शास्त्राने आपल्यापुढे ठेवलेलाच नाही.

२. घरात आणणे म्हणजे राखणे

धनी जवळ राहत नसेल किंवा आपल्या ओळखीचा नसेल तर काय करावे? ते जनावर आपल्या घरी आणावे आणि धनी शोधीत येईपर्यंत ठेवावे, असे अनुवाद सांगतो. म्हणजे कुत्र्याला घरात घेतले हे योग्यच झाले. चूक पुढे झाली. घर ही राखणीची जागा होती. ती आपण मालकीची जागा केली.

यहूदी परंपरेत हनिना बेन दोसा नावाच्या पहिल्या शतकातील एका गरीब धर्मगुरूची गोष्ट सांगतात. कोणी वाटसरू त्याच्या दाराशी कोंबड्या विसरून गेला. हनिनाने त्यांची अंडी घरात खाऊ दिली नाहीत. पिल्ले वाढली, अंगण पुरेना, तेव्हा त्याने ती विकून शेळ्या घेतल्या. पुष्कळ दिवसांनी तो वाटसरू पुन्हा आला, तेव्हा हनिनाने खूण विचारून त्या शेळ्या त्याच्या स्वाधीन केल्या.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७१ व्या कलमानुसार, दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी येते. राखणीला झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याची मुभा १६८ वे कलम देते. मात्र आपखुशीने घेतलेल्या श्रमांबद्दल धन्यावर दावा लावता येत नाही. धन्याने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल तर तेवढे मागता येते.

फौजदारी कायदा याहून कडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात अप्रामाणिकपणे दुसऱ्याची जंगम मालमत्ता बळकावणे हा गुन्हा आहे. राखण्यासाठी किंवा परत देण्यासाठी वस्तू उचलणारा मनुष्य गुन्हेगार नाही. परंतु धनी शोधण्याचे वाजवी उपाय न करता, त्याला कळवून वाजवी मुदत न देता जो ती आपलीशी करतो, तो गुन्हेगार ठरू शकतो. "कोणी आलेच नाही" हे उत्तर कायद्यालाही पुरत नाही. आपण काय केले, असे तो विचारतो.

३. जाहीर करणे

जुन्या यरुशलेमेत एक विशिष्ट धोंडा होता, असे तालमुदात सांगितले आहे. ज्याचे हरवले तो तेथे येई आणि ज्याला सापडले तोही तेथे येई. एकाने पुकारावे, दुसऱ्याने खूण सांगावी आणि आपली वस्तू घेऊन जावे. नगरातील परक्या माणसांनाही एकमेकांची गाठ पडावी म्हणून ती जागा ठरलेली होती.

बंगळूरसारख्या अफाट नगरात असा एकच धोंडा नाही, पण अनेक लहान धोंडे आहेत. ते माहीत असावेत.

बसमध्ये वस्तू सापडली तर ती वाहकाच्या हाती द्यावी. मेट्रोमध्ये सापडली तर स्थानकावरील अधिकाऱ्याकडे द्यावी. रेल्वेत काही विसरले तर १३९ या क्रमांकावर लगेच कळवावे. गाडीचा, डब्याचा व आसनाचा क्रमांक सांगावा. प्रवाशांचे विसरलेले सामान परत करण्यासाठी रेल्वे सुरक्षा दल 'ऑपरेशन अमानत' नावाचे काम चालवते. 'अमानत' म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. आजच्या पाठाचे सारच त्या एका शब्दात आले आहे. मात्र बेवारस पिशवी संशयास्पद वाटली तर तिला हात न लावता पोलिसांना कळवावे.

कागदपत्रे किंवा पाकीट हरवले तर कर्नाटक पोलिसांच्या 'ई-लॉस्ट' सोयीतून घरबसल्या नोंद करता येते. नवीन कागदपत्र काढताना ही नोंद उपयोगी पडते. चोरी झाली असेल तर मात्र पोलीस ठाण्यात रीतसर तक्रारच दिली पाहिजे.

मोबाइल हरवला तर पोलिसांत नोंद करून केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या सोयीतून तो बंद करवून घेता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. त्यासाठी फोनचा पंधरा अंकी ओळखक्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे ओळीने दाबल्यास तो दिसतो. आजच तो वहीत लिहून ठेवावा. फोन गेल्यावर तो फोनला विचारता येत नाही.

जनावर सापडले तर प्रथम शेजारपाजारी, इमारतीचा रखवालदार, दूधवाला व वृत्तपत्र टाकणारा मुलगा यांना विचारावे. गल्ल्यांची खरी ओळख त्यांनाच असते. जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे. कातडीखाली बसवलेली सूक्ष्म चकती आहे काय, हे तो यंत्राने पाहू शकतो. त्या चकतीत केवळ क्रमांक असतो, पण नोंद केली असेल तर त्यावरून धनी सापडतो. बंगळूरमध्ये १९९१ पासून काम करणाऱ्या 'क्यूपा' या संस्थेसारख्या प्राणिमित्र संस्थांनाही विचारता येते. कुत्र्याच्या एका कानाचे टोक नीट कापलेले दिसले तर ते बहुधा शस्त्रक्रिया व लस झालेले रस्त्यावरचे कुत्रे असते. त्याची गल्ली हेच त्याचे घर. त्याला हरवलेले समजून उचलून नेऊ नये. आणि भेदरलेले जनावर चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जावे.

आपला जाहीर कागद स्थानिक भाषेत लिहावा. कन्नड येत नसेल तर शेजाऱ्याकडून लिहवून घ्यावा. त्या निमित्ताने शेजाऱ्याशी बोलणे होईल, हाही लाभ लहान नाही.

४. खूण पटवून देणे

सरळपणाबरोबर सावधपणाही हवा. सापडलेल्या वस्तूचे सर्व वर्णन जाहीर केले तर कोणीही येऊन ती मागेल. मिशना या यहूदी ग्रंथात असे ठरवले आहे की, वस्तू पुकारावी, पण खूण धन्याने सांगावी. आणि मनुष्य लबाड म्हणून ठाऊक असेल तर खूण सांगूनही त्याला ती देऊ नये. म्हणून "एक कुत्रे सापडले आहे" एवढेच लिहावे. पट्ट्याचा रंग व अंगावरचा डाग आपल्याजवळ राखून ठेवावा. सापडलेल्या ओळखपत्राचे छायाचित्र मोबाइलवरील गटांत पसरवू नये. त्यावरील क्रमांकाचा दुरुपयोग होतो. ते पोलीस ठाण्यात द्यावे.

५. हरवणाऱ्याचे काम

लूकच्या पंधराव्या अध्यायातील स्त्रीचे एक नाणे हरवले. तिने दिवा लावला, घर झाडले व सापडेपर्यंत शोधले. दिवा आणि केरसुणी ही दोन साधने ध्यानात ठेवावी. वस्तू गेली की रडत न बसता, नशिबाला किंवा मोलकरणीला दोष न देता, आधी नीट शोधावे. मग कळवावे. जनावर हरवले तर पहिल्या काही तासांतच घराभोवतीचा परिसर पालथा घालावा. पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवावा. "सापडले आहे, आधी पैसे पाठवा" असा निरोप आला तर ताजे छायाचित्र मागावे, आणि वस्तू पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

शेवटी त्या स्त्रीने शेजारणींना बोलावले. शोध एकटीने केला, आनंद मात्र सर्वांना वाटला. हरवलेल्याविषयी देवाचे मन कसे आहे, हे प्रभु येशूने याच गोष्टीवरून शिकवले.

६. उशीर झाला असेल तर

आता मल्लेश्वरमच्या त्या घराकडे परत येऊ. पंधरा दिवस झाले आहेत. मुलांना लळा लागला आहे. काय करावे?

लेवीयाच्या सहाव्या अध्यायात हरवलेली वस्तू सापडूनही जो नाकबूल करतो, त्याच्याविषयी सांगितले आहे. त्याने ती पूर्ण परत द्यावी आणि वर तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा घालावा. आपण खोटे बोललो नाही, म्हणून आपली स्थिती तंतोतंत तीच नाही. तरी बोध लागू पडतो : परत देण्यास उशीर झाला, म्हणून परत देण्याचे कर्तव्य संपत नाही. उशिराची कबुली द्यावी. खर्च व बक्षीस सोडून देणे, हाच कदाचित आपला पाचवा हिस्सा होईल.

मुले रडतील. त्यांना सोबत घेऊनच जावे. दार उघडताच ते कुत्रे कोणाकडे धावते आणि त्या घरातील माणसाचे डोळे कसे भरून येतात, हे त्यांनी पाहावे. पुष्कळ उपदेशांनी जे शिकवता येत नाही, ते त्या उंबरठ्यावर शिकता येईल. परत येताना घर रिकामे वाटेल, पण त्या खांबासमोरून जाताना मान खाली घालावी लागणार नाही.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात दुसऱ्याची अशी कोणती वस्तू आहे, जी 'राखण्यासाठी' आली आणि राहून गेली? पुस्तक, भांडे, छत्री यांचाही विचार करावा.

२. निर्गम २३:४-५ मधील वैरी आपल्या परिसरात कोण आहे? त्याची वस्तू सापडली तर आपण काय कराल?

३. आपल्या मंडळीत हरवले-सापडलेची नोंद ठेवणारी एक ठरलेली जागा व एक जबाबदार व्यक्ती आहे काय? नसल्यास येत्या रविवारी कोण पुढाकार घेईल?